लवंगेच्या वासाचा गुलाब

आमच्या नर्सरीच्या फाटकाशी एक लाकडी खुर्ची होती आणि त्या खुर्चीत नाकवाली बसायची. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत असणारच, पण मी अकरा वर्षं त्या नर्सरीचा टेम्पो चालवला आणि कुणाच्या तोंडून ते ऐकलं नाही. मालक तिला नाकवाली म्हणायचे, गिऱ्हाइकं नाकवाल्या बाई म्हणायची, मी मावशी म्हणायचो. नाक म्हणाल तर काही खास नव्हतं, चांगलं बसकं होतं. चष्मा त्यावर टिकायचा नाही, सारखा घसरायचा.

ती आली तेव्हा माती चाळायला लागली होती. दहा वर्षं तिने माती चाळली, शेणखत कालवलं, पिशव्या भरल्या. मग एक दिवस मालक कुणाला तरी गडद लाल गुलाबाचं रोप देत होते आणि ही ढिगाऱ्यावरून ओरडली, "अहो, तो नका देऊ. तो मुका आहे." मुका म्हणजे बिनवासाचा. हा शब्द तिचाच. मालक चिडले, मग फूल हुंगलं, मग गप्प झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या डोळ्यांवर फडकं बांधून वीस फुलं तिच्या नाकाखाली धरली. तिने वीसच्या वीस ओळखली. एकविसावं म्हणून मालकांनी गमतीने आपला हातरुमाल धरला, तर म्हणाली, "हा धुवायला टाका."

त्यानंतर तिला खुर्ची मिळाली.

त्याला कारणही होतं. आमच्याकडे जंगली गुलाबाच्या खुंटावर चांगल्या जातीचे डोळे भरून कलमं करायचे. गडद लाल रंगाच्या दोन जाती होत्या. पान तेच, काटे तेच, रंगही तोच. एकीला लवंगेसारखा वास, दुसरी ठार मुकी. मुकीची फुलं फुलदाणीत आठ-आठ दिवस टिकायची, म्हणून तिलाही मागणी होती. रोपांना बांधलेल्या पत्र्याच्या पट्ट्या गंजायच्या, गळून पडायच्या, पाणी घालताना इकडच्या तिकडे व्हायच्या. तेव्हा पहिलं फूल आलं की मावशी ते हुंगायची आणि वासाचं असेल तर खोडाला लाल दोरा बांधायची. तिने हुंगल्याशिवाय गुलाबाचं रोप फाटकाबाहेर जायचं नाही. मालकांनी तशी पाटीच लावली होती: 'हुंगून दिलेली रोपं'.

खुर्चीत बसून ती आणखी एक काम करायची, ते कुणी सांगितलेलं नव्हतं. ती गिऱ्हाइकाला विचारायची, "कशाला हवंय?"

"आवडतं म्हणून," असं सगळे म्हणतात. ती तेवढ्यावर सोडायची नाही. मग हळूहळू खरं बाहेर यायचं. एका गृहस्थांना डेलिया हवा होता, कारण शेजाऱ्याच्या डेलियाला बशीएवढी फुलं आली होती. एका बाईला रातराणी हवी होती. नवरा रातपाळीला जातो, तो येईपर्यंत घरात आपल्याखेरीज कुणीतरी जागं असावं, असं ती म्हणाली आणि मग स्वतःच लाजली. झेंडू नेणाऱ्या एका टॅक्सीवाल्याने सांगितलं, "हा रुसत नाही हो. चार दिवस पाणी नाही घातलं तरी तोंड वाकडं करत नाही. घरी तेवढा एकच तसा आहे." एक म्हातारे दर थंडीत शेवंतीचं एकच रोप न्यायचे. बायकोला शेवंती अजिबात आवडायची नाही, जन्मभर तिने ती अंगणात लावू दिली नाही. ती गेल्यापासून ते लावतात आणि फुललं की त्यांना कसंतरीच होतं, म्हणून शेजारी देऊन टाकतात.

"फूल कुणालाच नको असतं," मावशी मला एकदा म्हणाली. "प्रत्येकाला दुसरंच काहीतरी हवं असतं, आणि ते कुठल्या दुकानात मिळत नाही, म्हणून लोक आमच्याकडे येतात."

तिला स्वतःला कुठलं आवडतं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "मला खुर्ची आवडते."

ती मोठ्या बहिणीबरोबर राहायची. दोन खोल्या, एक गॅलरी, गॅलरीत एकही कुंडी नाही. ताई शिवणकाम करायची आणि तोंडाने फार फटकळ. दोघींचं दिवसभर भांडण चालायचं आणि एकीशिवाय दुसरी जेवायची नाही.

खुर्ची मिळाल्याच्या दहाव्या वर्षी थंडीत मावशीला ताप आला. आठ दिवस अंगात होता. परत कामावर आली तेव्हा चेहरा उतरलेला, पण नाक शिंकरून खुर्चीत बसली. आम्हाला वाटलं, झालं, बरी झाली. पुढचं मला नंतर ताईने सांगितलं. एका सकाळी ताई आंघोळीला गेली होती आणि मावशी ओट्याशेजारी भाजी निवडत बसली होती. दूध उतू गेलं, करपलं, पातेलं काळं पडलं. ताई ओलेत्याने धावत आली तेव्हा स्वयंपाकघरात करपल्याचा वास कोंडला होता आणि ही पाठ करून शेंगा सोलत होती.

"नाक गेलं का तुझं?" ताई ओरडली.

मावशी म्हणाली, "हो."

ताईने तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित परत. कदाचित नाही येणार. ताईचं म्हणणं, मालकांना सांगून टाक. मावशी म्हणाली, "काय सांगू? उद्या परत चाळणी हातात देतील. या गुडघ्यांनी मी मातीत बसू?" आणि मग म्हणाली, "शिवाय लोक मला नाकवाली म्हणतात. नाक नसलं तर कोण मी?"

मला कळलं ते वेगळ्या तऱ्हेने. टेम्पोच्या टाकीला चीर गेली होती. तिला घरी सोडायला निघालो तर केबिनमध्ये पेट्रोलचा असा भपका, की माझं डोकं गरगरायला लागलं. मी दोन्ही काचा खाली केल्या. ती म्हणाली, "बंद कर ना, वारा लागतोय." मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी काच वर केली आणि अर्धा तास श्वास धरून गाडी चालवली. त्यावर आम्ही काही बोललो नाही. मला वाटलं, आपण तिची अब्रू राखली.

वर्षभर तिचं निभलं. पाठ होतंच सगळं. कुठला मोगरा कसा दरवळतो, अनंताचा वास संध्याकाळी कसा जड होतो, ते ती इतकं रंगवून सांगायची की गिऱ्हाईक मान डोलवायचं. गुलाबांच्या बाबतीत ती वाफ्याच्या जागेवरून, जुन्या पट्टीवरून अंदाज बांधायची आणि फूल नाकाला लावून डोळे मिटायची. तेवढं डोळे मिटणं मला बघवत नसे.

मग प्रूफवाल्या बाई आल्या.

सत्तरीच्या होत्या. काडीसारख्या, ताठ. चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम केलेलं. सोबत भाची होती, भावाची मुलगी, हातात रुमाल धरलेली, सारखी शिंकणारी. बाईंनी फाटकावरची पाटी अगदी नाकाजवळ नेल्यासारखी वाचली आणि म्हणाल्या, "रोपं बरोबर लिहिलंय. बऱ्याच ठिकाणी 'रोपे' आणि 'रोपं' एकाच पाटीवर असतं." मग खुर्चीकडे वळल्या. "नाकवाल्या बाई तूच का? मला बाग करायची आहे. डॉक्टरांनी सहा महिने दिलेत. मला नव्हे, डोळ्यांना."

"कशाला हवीय बाग?" मावशीने नेहमीप्रमाणे विचारलं.

"दिसायचं बंद झालं की मी कुठे उभी आहे ते मला कळायला नको? फाटकाशी मोगरा हवा. नळापाशी पुदिना लाव, पाय पडला तरी वास सुटेल असा. आणि दारापासून बाकापर्यंत दोन्ही बाजूंना गुलाब. बाकापर्यंत मला एकटीला जाता आलं पाहिजे. कुणाचा हात धरून बागेत जायचं असेल तर मला बाग नकोच."

"आत्या, असं काय बोलतेस," भाची म्हणाली आणि शिंकली.

"गुलाब कुठला हवा?" मावशीने विचारलं.

 बाई म्हणाल्या, "छापखान्याच्या मागच्या खिडकीशी एक होता. काळपट लाल. लवंगेसारखा वास. आत सगळीकडे शाईचा आणि रॉकेलचा दर्प असायचा, डोकं उठायचं. मी माझं टेबल मुद्दाम त्या खिडकीशी घेतलं. लोक म्हणायचे, हिला उजेड हवा. मला तो गुलाब हवा होता. तेवढा एक वास होता म्हणून मी तिथे चाळीस वर्षं काढली, नाहीतर दुसऱ्या वर्षीच पळाले असते."

मावशी म्हणाली, "आहे तो आमच्याकडे. बारा रोपं देते."

त्या आठवड्यात वादळ झालं होतं. वाफ्यातल्या पिशव्या आडव्या पडल्या होत्या आणि माळ्यांनी त्या हाताला येतील तशा परत उभ्या केल्या होत्या. फुलं मोजकीच होती. मावशी तासभर वाफ्यात फिरली. एकेक फूल नाकाला लावत होती आणि लाल दोरा बांधत होती. बारा झाल्यावर तिने मला हाक मारली, "भर." मी भरली.

रोपं लावून झाली. दोन महिने गेले. एक दिवस नर्सरीत फोन आला. बाई मालकांना म्हणाल्या, गुलाब फुललेत, पण वास येत नाही. मालकांनी आम्हा दोघांना पाठवलं.

घर छोटंसंच होतं, समोर वीस-पंचवीस पावलांचं अंगण. बाई दारात उभ्या होत्या. डोळे त्या दोन महिन्यांतच पुष्कळ गेले होते. आमच्या आवाजाच्या दिशेने त्यांनी मान वळवली. दोन्ही बाजूंना गडद लाल फुलं लागली होती, देखणी, एकेक मुठीएवढं.

"मोगऱ्याचा येतो," बाई म्हणाल्या. "पुदिन्याचा येतो. चहा उकळला की कळतो. याचाच येत नाही. रोज सकाळी येऊन हुंगते. काही नाही. तू हुंग."

भाची मागून म्हणाली, "मला नका विचारू हं, माझं नाक वर्षभर बंदच असतं."

मावशीने एक फूल खुडलं. नाकाला लावलं. डोळे मिटले. मी अंगणाच्या कडेला उभा होतो. माझ्या गुडघ्याशी एक फूल डोलत होतं, मी खाली वाकून हुंगलं. पाण्याने भिजलेल्या कागदाला येईल तेवढाही वास त्याला नव्हता. मी पुढचं हुंगलं. तेही मुकं.

"येतोय, बाई," मावशी म्हणाली. "चांगला येतोय."

"कसा?"

"लवंगेसारखा. शेवटी जरा गोड."

बाईंनी हात पुढे केला. मावशीने फूल त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते हुंगलं. परत हुंगलं. पाकळी चुरडून हुंगली.  मी बोलायला हवं होतं. आजही मला वाटतं, तोंड उघडून दोन शब्द बोलायला किती वेळ लागला असता? पण मावशीचा चेहरा पाहिला आणि माझी जीभ रेटली नाही.

"मग माझीच चूक," बाई म्हणाल्या.

त्यांनी ते असं म्हटलं, जसं कुणी पहिल्यांदाच परक्या भाषेतलं वाक्य म्हणावं. भाची पुढे आली, तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अगं आत्या, वयात होतं असं. काही वास राहतात, काही जातात. पण आता डोळे नाहीत आणि नाकाचाही भरवसा नाही, तर एकटी कशी राहणार तू? उद्या गॅस सुटला तर? मी शहराच्या त्या टोकाला, मला नोकरी आहे."

भाची काही वाईट बाई नव्हती. दमलेली होती. दोन वर्षं ती आत्याला हेच सांगत होती आणि आत्या ऐकत नव्हती, हे मला त्या एका वाक्यावरून कळलं. आत्या आज पहिल्यांदाच गप्प राहिली होती.

परतीच्या वाटेवर मावशी म्हणाली, "दुसरी रोपं आणून बदलून टाकू. हळूच. तिला कळायचं नाही." मी हो म्हटलं. आम्ही खरोखर बदलणार होतो. पण लाल गुलाब त्या वेळी छाटलेले होते, फूल आल्याशिवाय मुका कुठला आणि बोलका कुठला हे मलाही कळणार नव्हतं. आज करू, उद्या करू, असं करत सात-आठ आठवडे गेले.

मग भाचीचा फोन आला. आत्या एका वृद्धनिवासात राहायला गेली आहे, घर सोडलंय, नव्या लोकांना अंगणात गाडी उभी करायची आहे, तर रोपं परत न्यायची असतील तर न्या.

मालक म्हणाले, "आणा जाऊन, पिशवीत घालून परत विकू." मी निघालो तर मावशी न सांगता टेम्पोत चढून बसली होती. मोगरा आधीच कुणीतरी उपटून भिंतीशी टाकला होता. आम्ही गुलाब खणून काढले.  गाडीत बसल्यावर मावशी म्हणाली, "निवास कुठे आहे ते भाचीला विचार."

दोन दिवसांनी आम्ही तिकडे गेलो. जाण्याआधी तिने मला वाफ्यात नेलं. छाटणीनंतरची पहिली फुलं उमलत होती. "हुंग," ती म्हणाली. "खरं सांग." मी अठरा फुलं हुंगली. एकोणिसाव्याला लवंग सापडली. तिने ते खुडलं आणि ओल्या कागदात गुंडाळलं.

निवास म्हणजे तीन मजल्यांची इमारत, खाली सगळी फरशी. बाईंची खोली वरच्या मजल्यावर होती. पलंग, खुर्ची, कपाट, भिंतीला धरायला लोखंडी नळी. बाई खुर्चीत बसल्या होत्या. आता त्यांना काहीच दिसत नव्हतं. मावशीने आपण कोण ते सांगितलं आणि फूल त्यांच्या हातात दिलं.

बाईंनी ते नाकाला लावलं, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"हाच," त्या म्हणाल्या. "हाच तो."

"बाई, त्या दिवशी मी खोटं बोलले," मावशी म्हणाली. "मला वास येत नाही. तापात नाक गेलं, वर्ष होऊन गेलं. ती बारा रोपं मुकी होती. तुमचं बरोबर होतं."

बाईंनी फुलाच्या पाकळ्या बोटांनी चाचपल्या. 

"त्या दिवसापासून मला कशाचीच खात्री वाटेना," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "गोळी घेतली की नाही, दोनदा विचारायचे. नळ बंद केला की नाही. आपण म्हणतो ते खरं नसतं, असं ठरवूनच टाकलं मी. भाची म्हणाली निवास, मी म्हटलं ठीक. चाळीस वर्षं, नाकवाले, मी मोठमोठ्या पंडितांना त्यांच्या चुका दाखवल्या. समोरचा कितीही ओरडो, मी मागे हटले नाही. आणि तू नुसतं 'येतोय' म्हणालीस, तर मी हटले. कारण मला वाटलं, या बाबतीत हिला जास्त कळतं."

मावशी म्हणाली, "मी भाचीला सांगते सगळं. तुम्हाला परत घरी—"

"घरात लोक राहतात आता."

"माझी खुर्ची गेली असती, बाई."

"आणि माझं घर गेलं," बाई म्हणाल्या. त्यांनी फूल पुढे केलं. "हे घेऊन जा. इथे ठेवू नकोस. हा वास या खोलीत मला नको."

मावशीने फूल घेतलं.  गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "त्या दिवशी अंगणात तू हुंगलं होतंस का रे फूल?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "हुंगलं होतं," म्हटलं.

"मग?"

"वास नव्हता."

"आणि गप्प राहिलास."

"तुमच्यासाठी राहिलो, मावशी."

"माझ्यासाठी!" ती म्हणाली. "तू बोलला असतास तर मी मरेपर्यंत तुझं तोंड पाहिलं नसतं. आणि ती घरी असती." पुढच्या सिग्नलला ती उतरली आणि चालत गेली. गुडघे धरत, पाठीत वाकून. मी हाक मारली, वळली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मालकांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, मालक आकाशपाताळ एक करतील. ते हसले. "अगं, वर्षभर कुणाला कळलं का? गिऱ्हाईक पाटी वाचतं आणि तुझ्याकडे बघतं, तेवढं पुरे. बस खुर्चीत." ती नाही म्हणाली. त्यांनी समजावलं, मग आवाज चढवला, मग म्हणाले, "तर जा मातीत." ती गेली.

महिन्याभरात खुर्चीत दुसरी बाई आली. चांगली हसतमुख होती. फूल नाकाला लावून डोळे मिटायला मालकांनीच तिला शिकवलं. पाटी तशीच राहिली. लोक येत राहिले, नेत राहिले, आणि तक्रार घेऊन कुणी परत आल्याचं मला आठवत नाही. मुक्या गुलाबापुढे उभं राहून "अहाहा, काय वास आहे!" म्हणणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत.

मावशी आणखी चार वर्षं माती चाळत होती. माझ्याशी कामापुरतं बोलायची. दर महिन्याला एकदा ती निवासावर जायची, ताईने मला सांगितलं. बाई तिला वर येऊ द्यायच्या नाहीत. खाली बाकावर अर्धा तास बसायची आणि परत यायची. एकदा दारावरच्या माणसाने वर जाऊन विचारलं, तर बाईंनी निरोप पाठवला, "तिला सांगा, मी झोपले आहे." तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

चौथ्या वर्षी बाई गेल्या. मावशीला ते तीन आठवड्यांनी कळलं, नेहमीप्रमाणे गेली तेव्हा. त्यानंतर तिने नर्सरी सोडली. आता ताईच्या शिवणाला काजं करते. मी मध्ये एकदा भेटायला गेलो. दार ताईने उघडलं, आतल्या खोलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ती झोपलीय." आत सुई-दोरा घेऊन खाली मान घालून बसलेली मावशी मला दारातूनच दिसत होती.